आत्याची खंजिरी आणि ६० डॉलरचं सॉफ्टवेअर

आत्याच्या मंडळाची भजनं नीट रेकॉर्ड करून ठेवायची, एवढंच मला हवं होतं. आवाज, पेटी, खंजिरी, टाळ. सॉफ्टवेअर कुठलं घेऊ असं विचारलं की लोक आधी त्यातल्या तयार बीट्स मोजून दाखवतात. मला त्यातलं काहीच नको होतं. ४ जीबी रॅमच्या जुन्या विंडोज लॅपटॉपवर ते चालेल का आणि आत्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज वेळेवर ऐकू येईल का, हे दोनच प्रश्न होते.

ऑडॅसिटी फुकट आहे आणि एकट्या आवाजासाठी उत्तम आहे. जात्यावरच्या ओव्या मी आजही त्यातच घेते. पण आधी पेटी, मग तिच्यावर आवाज असं करायला गेलं की मला ट्रॅक, म्हणजे प्रत्येकाच्या रेकॉर्डिंगची वेगळी पट्टी, मागेपुढे सरकवून जुळवत बसावं लागायचं. गॅरेजबँड ॲपलच्याच यंत्रांवर चालतं. ॲबलटन लाइव्ह लाइट बऱ्याच ऑडिओ इंटरफेससोबत (माइक संगणकाला जोडणारी डबी) मिळतं, पण ट्रॅक आठच.

मी रीपर निवडलं. गाणी वाजवायचं जुनं विनॅम्प आठवतं ना? ते बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेलचंच हे काम. डाउनलोड अगदी लहान, ६० दिवस सगळं खुलं, आणि घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला. मुदत संपली तरी ते बंद पडत नाही, फक्त आठवण करून देतं. तरीही पैसे भरावेत असं मला मनापासून वाटतं. इतक्या विश्वासाने दिलेली वस्तू तशीच वापरत राहणं बरं नाही.

पहिल्याच भजनाला आत्या थांबली. "माझा आवाज मागून काहून येऊन राहिला?" कारण होतं बफर, म्हणजे संगणक आवाज थोडा थोडा साठवून पुढे देतो तो साठा. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने (सॅम्पल) घेताना, १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद, आणि आवाज आत जाऊन परत येईपर्यंत त्याहून जास्त. बोलताना ते चालून जातं, खंजिरीवर थाप देणाऱ्या हाताला मात्र लगेच कळतं. इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजवर आवाजाची ने-आण कमी उशिराने करणारा प्रोग्राम) निवडून बफर १२८ वर आणला की हाच बफरचा आकडा तीन मिलिसेकंदांच्या आत येतो. जुना लॅपटॉप तेवढ्याने कडकड वाजायला लागला तर बफर पुन्हा वाढवा आणि इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर सुरू करा. मग आवाज संगणकात न जाता थेट कानात येतो. आम्ही शेवटी हेच केलं, आणि आत्या मोकळी गायली.

आणखी एक. नवा प्रोजेक्ट उघडला की मिनिटाला १२० चा ठेका आणि त्याच्या उभ्या रेघा समोर येतात. भजनासाठी मेट्रोनोम (ठेक्याची टिकटिक) आणि स्नॅप (रेकॉर्डिंग रेघांना चिकटवणारी सोय) दोन्ही बंद करा. आपलं भजन सावकाश सुरू होतं आणि चढत जातं. ती चढण हेच त्याचं बळ. तिला रेघांवर बसवू नका.

उरलेले पैसे प्लगइनवर, म्हणजे आवाज सुधारायच्या जोड-सॉफ्टवेअरवर, घालवू नका. नागपूरच्या मे महिन्यात कूलरची घरघर कुठलंही सॉफ्टवेअर पूर्ण काढत नाही; काढायला गेलं तर आवाजातला ओलावाही जातो. आम्ही पहाटे, कूलर लावायच्या आधी, गाद्या ठेवलेल्या आतल्या खोलीत बसतो. प्लगइनपेक्षा माइकचा चांगला स्टँड घ्या. नागपूरच्या बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) मिळतो, आणि टाळ वाजवणाऱ्यांना माइकपासून चार हात लांब बसवा.