कोण बोलतंय?

आत्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसलो होतो. म्हणजे तो आत्याचा आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पडद्यावर अनोळखी नंबर होता आणि त्याच्याखाली इंग्रजी अक्षरांत एकेक शब्द उमटत होता : 'ॲरे मी. मी बोल टी ये. हू चल की.' कुठल्याशा टोळीचा सांकेतिक निरोप असावा, असं समजून मी दुसरी जुडी सोडली.

रात्री आतेभावाच्या फोनवरून खुलासा झाला.

"काय रे, मोठा साहेब झालास? फोनवर मडम ठेवलीस?"

"अगं आत्या, ती मडम नाही..."

"मी आपली सांगत्ये, अरे मी, मी बोलत्ये, उचल की! तर ती बया इंग्रजीत नाव विचारते. मला! तुझ्या बारशाला कानात कुर्र केलंय मी."

घराजवळ जुन्या सिमला रेंज मिळेना म्हणून आतेभावाने तिला नवं सिम घेऊन दिलं होतं. नवा नंबर माझ्याकडे जतन नव्हता, आणि मडमेला काय, जतन केलेले तेवढे घरचे, बाकी सगळे दारावरचे.

मडम ठेवून तीन महिने झाले होते. २०२५ च्या सप्टेंबरात आयफोनला जी नवी प्रणाली आली, तिच्यात ही सोय आहे. अमेरिकेत गुगलच्या पिक्सेल फोनवर ती २०१८ पासूनच होती. अनोळखी नंबरावरून कुणी फोन केला की आपला फोन वाजण्याआधी तो स्वतःच उचलतो, नाव आणि काम विचारतो आणि पलीकडचा जे बोलेल ते टाइप करून आपल्यापुढे धरतो. मग घ्यायचा तर घ्या, नाहीतर मेथी निवडा. सेटिंगमध्ये तीन पर्याय आहेत : काही विचारू नको, कारण विचार, किंवा थेट गप्प कर. मी मधला घेतला. थेट गप्प करण्याइतका मी अजून निबर झालेलो नाही.

पण काहीतरी करणं भाग होतं. एका मंगळवारी मी मोजले, संध्याकाळपर्यंत नऊ फोन. चार कर्जाचे, दोन क्रेडिट कार्डाचे, दोन एनए प्लॉटचे आणि एक नुसताच श्वासाचा. एनए प्लॉटवाल्यांचं मला विशेष वाटतं. पुण्यापासून 'फक्त पाऊण तासावर' असलेल्या त्यांच्या जमिनीला पोचायला घाटसुद्धा आड येत नाही. त्यांच्या हिशेबाने मी आतापर्यंत मुळशीत, भिगवणला आणि दापोलीत प्रत्येकी दोन गुंठ्यांचा मालक असायला हवा होता.

सरकारी उपाय करून झाले होते. नको असलेल्या फोनांसाठीची नोंदवही आपल्याकडे २००७ पासून आहे. १९०९ या नंबरावर मेसेज पाठवून मीही तिच्यात नाव घातलेलं आहे. जाहिरातवाल्यांनी १४० ने सुरू होणाऱ्या नंबरावरूनच फोन करावा असा नियम आहे. तो नियम पाळणाऱ्याचा फोन कुणी उचलत नाही, म्हणून ते साध्या दहा आकड्यांवरून करतात. तक्रार करायला आधी तीन दिवस मिळायचे, २०२५ पासून सात मिळतात. पण तक्रारीत नंबर, तारीख, काय बोलणं झालं ते लिहायचं. नऊ फोनांच्या नऊ तक्रारी लिहायला बसलो तर मलाच एक कारकून ठेवावा लागेल.

एके काळी मोबाइलवर येणाऱ्या फोनलाही पैसे पडत, हे आता मुलांना सांगून खरं वाटत नाही. १ मे २००३ पासून येणारे फोन फुकट झाले. महाराष्ट्र दिनाचा हा आणखी एक आनंद. त्याआधी फोन वाजला की माणूस आधी नंबर बघायचा, मग घड्याळ बघायचा, आणि पलीकडच्याला कापून समोरच्या बूथवरून उलट फोन करायचा. त्या दिवसांत कुणी मला प्लॉट विकायला फोन केला असता, तर ऐकून घेण्याचं बिल मी त्यालाच पाठवलं असतं.

आणि त्याच्याही आधी आमच्या घरी आजोबा होते. फोन पडवीतल्या कोनाड्यात, त्यावर आईने विणलेलं क्रोशाचं झाकण, शेजारी दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. फोन फक्त आजोबाच उचलत. त्यांचे प्रश्न ठरलेले आणि क्रमही ठरलेला : "कोण? कुठले? काय काम?" सगळी उत्तरं मिळाल्याशिवाय ते घरातल्या कुणालाही हाक मारत नसत. माझ्या एका मित्राला त्यांनी एवढं फैलावर घेतलं होतं, की तो सायकलवर दोन मैल येऊन गृहपाठ विचारून जाई, पण फोन करत नसे. मडमेत आणि आजोबांत फरक एवढाच, की 'कुठले?' हा प्रश्न तिला माहीत नाही. आजोबांचा खरा दरवाजा तिथेच उघडायचा. पलीकडचा आमच्या तालुक्यातला निघाला की त्याचं काम राहायचं बाजूला, आणि विम्याचा एजंटसुद्धा अर्धा तास पाऊसपाण्यावर बोलून मग ठेवायचा. विमा मात्र नाही विकला जायचा.

मडमेचं काम तसं चोख आहे. बहुतेक विक्रेते तिचा आवाज ऐकताच ठेवतात. काही जण "हॅलो, हॅलो सर, आवाज येतोय?" एवढं म्हणून बघतात. एकदा कर्जाचा ध्वनिमुद्रित आवाज आणि मडम अशा दोघी समोरासमोर आल्या. एक व्याजदर सांगत होती, दुसरी नाव विचारून थांबली होती. कुणी कुणाला तोडत नव्हतं. इतकं सभ्य संभाषण आमच्या सोसायटीच्या सभेत मी कधी ऐकलेलं नाही.

घोळ होतो तो बाकीच्यांचा. कुरिअरवाला मुलगा गेटवर उभा राहून "पार्सल, पार्सल" असं दोनदा ओरडला आणि वैतागून निघून गेला. गॅसवाल्याने तर सरळ वॉचमनला विचारलं, की हे साहेब फॉरेनला गेलेत का. नळाचं काम करणाऱ्या काकांनी मडमेला मराठीत गळती समजावून सांगितली. पडद्यावर उमटलेल्या त्या इंग्रजीचा अर्थ लावेपर्यंत ते दुसऱ्या कामाला लागले होते.

यात त्यांची चूक नाही, भाषेची आहे. आपल्याकडे दार वाजलं आणि आतून कुणी "कोण?" म्हटलं, तर बाहेरचा म्हणतो, "मी." पुन्हा विचारा, तर "अरे मी!" असं जरा जोरात. नाव सांगायची वेळ यावी हाच त्याला अपमान वाटतो. आवाज ओळखला नाहीस म्हणजे काय? आणि काम विचारलं तर सांगतो, "काही नाही, सहज." माझ्या आयुष्यातले बरेचसे बरे फोन 'सहज' या खात्यातले आहेत. उलट प्लॉटवाल्याकडे दोन्ही उत्तरं तयार असतात. नाव, कंपनी, आणि काम तर इतकं नेमकं, की गुंठ्यासकट. मडमेच्या परीक्षेत तोच पहिल्या श्रेणीत पास होणार, आणि आत्या नापास.

आता हळूहळू सिम ज्याच्या नावावर आहे त्याचं नाव पडद्यावर दाखवायला सुरुवात झाली आहे. दूरसंचार प्राधिकरणाने तशी शिफारस २०२४ च्या फेब्रुवारीत केली होती. चांगली गोष्ट आहे. फक्त आत्याचं जुनं सिम काकांच्या नावावर आहे, आणि काकांना जाऊन सहा वर्षं झाली. एखाद्या संध्याकाळी त्यांचं नाव पडद्यावर आलं तर मी काय करीन? उचलीन बहुतेक.

आत्याचा नवा नंबर मी त्याच रात्री जतन केला. प्रश्न मिटला असं वाटलं होतं. पण परवा तिच्या फोनची बॅटरी उतरली म्हणून तिने शेजारणीचा घेतला, आणि पुन्हा मडमेच्या तावडीत सापडली. यावेळी पडद्यावर ओळीमागून ओळी येऊ लागल्या. अर्थ लागत नव्हता, पण लांबी बघून मी ओळखलं. नंतर तिनेच सांगितलं : तिने स्वतःचं नाव, माहेरचं नाव, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा असं सातबाऱ्यावर असतं तसं सगळं सांगितलं होतं. मग 'काम'पाशी अडली. जरा विचार करून म्हणाली होती, "काम काही नाही हो. कोकम सुकत घातलीत, त्याची आठवण झाली."

मी उचलला. पलीकडे शांतता. मग अगदी हळू आवाजात :

"ती बाई गेली का रे?"

"गेली."

"हं. मग ऐक..."