हाड वाकवून दाखवायचंय? मग रश्श्यातलं घेऊ नका

कोल्हापुरात मुलांना हाडांचा प्रयोग दाखवायचा म्हटलं की रविवारच्या मटणाचीच हाडं आधी डोळ्यांसमोर येतात. पण हाड व्हिनेगरमध्ये भिजवून मऊ करायचं आणि वाकवून दाखवायचं, या प्रयोगाला नेमकी तीच चालत नाहीत. कुकरच्या शिट्ट्यांत हाडातलं बरंचसं कोलॅजेन, म्हणजे हाडाला लवचीक ठेवणारं प्रथिन, पाण्यात उतरतं. वाटीभर अळणी पाणी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून मुलांना दाखवा. ते गोठून थलथलीत होतं ते त्यामुळेच. असं उकळलेलं हाड व्हिनेगरमधून काढलं की वाकत नाही, त्याचा भुगा होतो.

म्हणून कोंबडीची कच्ची तंगडी अखंड मागून घ्या. फक्त दहा मिनिटं उकळा, शिट्ट्या काढू नका; मांस काढा, जुन्या टूथब्रशनं घासा आणि हात साबणानं धुवा. मटणाची नळी नको, ती फार जाड असते. काचेच्या बरणीत हाड पूर्ण बुडेल इतकं, साधारण 250 मिली पांढरं व्हिनेगर ओता. झाकण नुसतं वर ठेवा, कारण हाडातल्या कार्बोनेटमुळे कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. धातूचं झाकण गंजतं.

व्हिनेगर दर दोन दिवसांनी बदलायचं. प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा इथेच: आम्ल खर्ची पडतं आणि हाड होतं तसंच राहतं. पंखाचं बारीक हाड तीन-चार दिवसांत तयार होतं, तंगडीला आठवडा धरा. टोकं आतून जाळीदार असल्यानं आधी मऊ पडतात, त्यावरून फसू नका. मधला दांडा दाबून बघा.

आता हाड वाकतं, कारण कॅल्शियम फॉस्फेट विरघळून गेलंय आणि उरलंय ते कोलॅजेन. मुडदूस झालेल्या मुलाच्या हाडांतही खनिज कमी पडतं, म्हणून पाय वाकतात, हे सांगायची वेळ हीच. तेच हाड दिवसभर उघड्यावर वाळवलं तर पुन्हा कडक होतं. "कॅल्शियम परत आलं!" असं कुणीतरी म्हणणारच. त्यालाच ते पाण्यात भिजवायला सांगा, परत मऊ पडेल. गेलं होतं ते फक्त पाणी.

उलट बाजू, म्हणजे कोलॅजेन जाऊन खनिज उरलेलं हाड, निखाऱ्यांवर दिसते; त्यासाठी व्हिनेगरमध्ये न बुडवलेलं दुसरं हाड घ्या. हे काम मोठ्यांनीच करायचं, अंगणात. वास चांगलाच सुटतो. हाड आधी काळं पडतं, म्हणजे कोलॅजेनचा कोळसा अजून आत आहे. करडं-पांढरं होईपर्यंत ठेवा. गार झाल्यावर चिमटीत धरून दाबलं की तुकडे पडतात: खनिज आहे, पण त्याला बांधून ठेवणारं काही उरलं नाही. मोठ्या माणसाच्या हाडांचा 206 हा आकडा पाठ करून घेण्यापेक्षा ही दोन हाडं शेजारी ठेवलेली बरी. (नवजात बाळाची हाडं तर 206 पेक्षा बरीच जास्त असतात, पुढे ती जुळत जातात.)

वर्गात शाकाहारी घरची मुलं असतील तर ए-फोर कागदाच्या तीन नळ्या करा, चिकटपट्टी लावून उभ्या ठेवा आणि वर एकेक वही चढवत जा. त्याच कागदांच्या घट्ट घड्या उभ्या करून तुलना करा. लांब हाडं पोकळ असूनही भार कसा पेलतात ते कळतं. नळ्यांची उंची मात्र एकसारखी हवी. एक जरी आखूड झाली तरी सगळा भार उरलेल्या दोघींवर येतो आणि वह्या कलंडतात.