पिकअपचा एसी अखेर चालू झाला

आठवडाभर आमच्या पिकअपचा एसी खड्ड्यागणिक चालू-बंद होत होता. गॅस भरलेला होता, पंखा चारही स्पीडवर नीट फिरत होता. एका ठिकाणी सरळ सांगितलं, अख्खं कंट्रोल पॅनेल बदला. मन मानेना. आण्णा याच गाडीतून गुळाचे रवे घेऊन कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात जातात, घामानं पार भिजून येतात. मला ते बघवत नाही.

आज उद्यमनगरात ओळखीच्या वायरमनमामांकडं गाडी लावली. त्यांनी आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. मग प्लास्टिकच्या पट्टीनं डॅशबोर्डच्या क्लिपा एकेक सोडवल्या, एकही तुटू दिली नाही. पॅनेल उघडून भिंग माझ्या हातात दिलं. "हितं बघ बाळा." एसीच्या बटणाच्या पायाभोवती केसाएवढी गोल चीर! कथलाचा टाका तडकलेला. टाका टेकला की सिग्नल जाऊन कॉम्प्रेसरचा क्लच, म्हणजे एसीचा पंप इंजिनाला जोडणारा भाग, ओढायचा, हादरा बसून सुटला की सोडायचा.

जुनं कथील काढलं, कथील नीट धरावं म्हणून फ्लक्स लावला, नवा टाका दिला. दोन मिनिटांचं काम. पण त्यानंतर बराच वेळ ते मल्टिमीटर लावून (जोडणी सलग असली की तो बीप वाजवत राहतो) पॅनेल हलवत, बीप तुटतोय का ते ऐकत बसले. खरी कारागिरी मला तिथं दिसली. मजुरी सांगितली तीही अगदी कमी, मी बळंच थोडे जास्त दिले.

संध्याकाळी आण्णा यार्डातून आले. शर्ट कोरडा होता.