निळ्यावर सोनेरी पट्टा

झोप लागत नसली की लोक जुनी गाणी ऐकतात, मी इंग्रज सरदारांच्या ढालींची वर्णनं वाचते. नाद असतो एकेकाला. 'अ‍ॅझ्युर, अ बेंड ऑर' एवढं वाचलं की निळी ढाल आणि तिच्यावरून तिरका उतरलेला सोनेरी पट्टा समोर दिसायला लागतो. चित्र लागतच नाही. एक चितारी लंडनला, दुसरा यॉर्कला. दोघांनी नुसते शब्द वाचून ढाल रंगवली तरी ती एकच ठरली पाहिजे, यासाठी हा सगळा खटाटोप. या वर्णनाला ब्लेझन म्हणतात. त्यातलं उजवं-डावंसुद्धा ढाल धरणाऱ्याचं, बघणाऱ्याचं नव्हे.

शब्द बरेचसे फ्रेंच वळणाचे, कारण 1066 नंतर इंग्लंडात सत्ता फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांची. त्याआधीच्या सॅक्सन कवींचं काम सोपं होतं: ढाल लिंडनच्या लाकडाची, म्हणून कवितेत ढालीला नुसतं 'लिंड' म्हणून मोकळे. नंतर मात्र लाल झाला ग्यूल्झ, काळा सेबल, हिरवा व्हर्ट. सोनं-चांदी हे रंग नव्हेत, धातू. आणि धातूवर धातू नको, रंगावर रंग नको, असा दंडक. ऐकायला सोवळं-ओवळं वाटतं, पण हेतू एसटीच्या पाटीइतका व्यावहारिक. दुरून, धुळीतून ओळखू आलं पाहिजे.

कारण ओळखणार कसं? गळ्याला गॉर्जेट, हाताला व्हॅम्ब्रेस, पावलाला सॅबटन, असं वीस-पंचवीस किलो लोखंड अंगावर चढलं आणि शिरस्त्राणाची झडप खाली आली, की सख्खा भाऊसुद्धा परका. चिलखताच्या शब्दांत माझं मन फारसं रमत नाही, सुट्या भागांची यादीच ती. ढालीवर भांडणं होतात, तिथे खरी गंमत.

1385 मध्ये दुसरा रिचर्ड राजा स्कॉटलंडवर चालून गेला. त्या फौजेत सर रिचर्ड स्क्रोप यांना दिसलं, की सर रॉबर्ट ग्रॉव्हनर नावाचे गृहस्थ अगदी आपलीच ढाल मिरवताहेत. तोच निळा, तोच सोनेरी पट्टा. प्रकरण कोर्टात गेलं आणि वर्षानुवर्षं चाललं. शेकडो साक्षीदार झाले, राजाचा काकासुद्धा. 1386 मध्ये कवी जेफ्री चॉसर साक्षीला उभा राहिला. तो म्हणाला, लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवरून जाताना एक नवी पाटी लटकलेली दिसली, म्हणून मी विचारलं, स्क्रोपांची ढाल लावलेली ही कुठली खाणावळ? उत्तर आलं, ही स्क्रोपांची नव्हेच, ग्रॉव्हनर नावाच्या सरदाराची आहे. त्या दिवसापर्यंत हे नाव मी ऐकलंही नव्हतं! इंग्रजीतला एवढा थोर कवी, आणि कोर्टाच्या दप्तरात तो आपल्याला भेटतो रस्त्यावरच्या पाट्या वाचत चाललेला. मला तो तिथे फार जवळचा वाटतो.

याच पट्ट्यावर कॉर्नवॉलच्या कारमिनो घराण्याचाही दावा होता. आमचा पट्टा आर्थर राजाच्या काळापासूनचा, असं त्यांचं म्हणणं. घराण्याचं मूळ मागे न्यायचं म्हटलं की कुठल्याच देशातली माणसं हात आखडता घेत नाहीत.

1389 मध्ये निकाल स्क्रोप यांच्या बाजूने लागला. ग्रॉव्हनरनी ढालीच्या कडेने चंदेरी किनार लावावी, अशी तडजोड सुचवली होती, तीही पुढे राजाने मोडीत काढली. शेवटी त्यांनी निळ्यावर सोनेरी गव्हाची पेंढी घेतली. पण पीळ गेला नाही. त्यांच्या वंशातल्या वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकने जवळजवळ पाचशे वर्षांनी आपल्या शर्यतीच्या घोड्याचं नाव ठेवलं 'बेंड ऑर', म्हणजे तोच तो हरलेला सोनेरी पट्टा. आणि हा घोडा 1880 ची डर्बी जिंकला! अपील करावं तर असं.

असली भांडणं होऊ नयेत म्हणून नोंदी ठेवणारं कॉलेज ऑफ आर्म्स 1484 पासून लंडनमध्ये आहे आणि अजून चालू आहे. तिथल्या अधिकाऱ्यांची पदनामं रूज ड्रॅगन, ब्लूमँटल अशी. 'तांबडा ड्रॅगन' म्हणून पगारपत्रकावर सही करायला मला तरी आवडली असती.

या भाषेत आपला सह्याद्रीही एकदा येऊन गेलाय. मुंबईचे सर जमशेटजी जीजीभॉय 1857 मध्ये बॅरोनेट, म्हणजे पिढीजात 'सर' किताबाचे मानकरी झाले. त्यांच्या ढालीवर निळ्या आभाळात मुंबईजवळचे घाट आहेत, घाटांवर उगवता सूर्य आणि वरच्या बाजूला उडणाऱ्या दोन मधमाश्या. खाली ब्रीद: उद्योग आणि औदार्य. सूर्य घाटांमागून वर येतो हे मुंबईकराच्या नजरेने अगदी बरोबर आहे. पण ब्लेझनमध्ये घाटांचा रंग दिलाय 'प्रॉपर', म्हणजे ज्याचा जो नैसर्गिक असेल तो. आता सह्याद्रीचा नैसर्गिक रंग श्रावणातला धरायचा की मे महिन्यातला, यावर त्या चितार्‍यांची भांडणं कशी झाली नाहीत, कोण जाणे.