वाउच म्हणजे व्हाउचर नव्हे! (माझा अनुभव)

लातूरच्या मार्केट यार्डात एका आडतीवर मी सात वर्षं झाली हिशोब लिहितो. टॅलीत, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरात, एफ ५ दाबलं की पेमेंट व्हाउचर, एफ ६ दाबलं की रिसीट, सोयाबीनच्या सीझनला तर झोपेतपण बोटं तिकडंच जातात. मागच्या वर्षी रात्री घरून करायचं अकाउंटिंगचं एक काम ऑनलाइन सापडलं, परदेशातली कंपनी, टेस्ट पास झालो आणि मेल आला, 'टू पीपल हू कॅन वाउच फॉर यू' पाठवा म्हणून.

मला वाटलं व्हाउचर मागलालेत. पाठवले की दोन स्कॅन करून, एक हमालीचं अन् एक चहाचं, मालकाच्या सहीसकट. पलीकडून अगदी गोड भाषेत उत्तर आलं की धन्यवाद, पण आम्हाला कागद नको, माणसं पाहिजेत.

मग आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या सरांकडं गेलो. आधी पोटभर हसले. म्हणाले, 'वाउच फॉर' म्हणजे एखाद्याची ग्वाही देणं, तेपण स्वतःच्या ओळखीवर, ऐकीव माहितीवर नाही. अन् 'फॉर' सोडायचा नाही, माणूस त्याच्या पुढंच येणार, 'आय कॅन वाउच फॉर हिम', 'वाउच हिम फॉर' असं मधे घुसवायचं नाही. वस्तूला, कामालापण चालतं. गंमत म्हणजे मी अगदीच चुकलो नव्हतो, व्हाउचर त्याच घराण्यातलं, मूळ लॅटिनमधल्या हाक मारणे या अर्थाच्या शब्दात, म्हणजे साक्षीला बोलावणं. पैसे खरंच दिले याची साक्ष देतो तो कागद. इतकी वर्षं साक्षीदार फाइलला लावत होतो अन् पत्ताच नाही!

सर एक झाले. दुसरे मालक. त्यांना म्हणलं माझ्यासाठी जरा हमी द्या, तर हातातला चहाच खाली ठेवला.

"जामीन? नको रे बाबा. साडूच्या ट्रॅक्टरला सही केली अन् हप्ते मी फेडले."

त्यांचंही खरंच आहे, १८७२ च्या करार कायद्यात जामीनदार म्हणजे कर्जदाराच्या बरोबरीनं अडकलेला माणूस, बी.कॉम.ला घोकलेलं. चूक माझीच, हमी शब्द वापरायलाच नको होता. अर्धा तास समजावलं, मालक, यात सही नाही, पैसा नाही, मी डुबलो तरी तुम्हाला कुणी विचारत नसतंय, फक्त तुम्ही मला ओळखता अन् माणूस कसा आहे तेवढं सांगायचं.

"मग असं सांग की आधी. लिहून घे."

ते मराठीत सांगलालेत अन् मी इंग्रजीत उतरवलालो. गल्ला सात वर्षं याच्या हातात आहे, एक रुपया इकडचा तिकडं झाला नाही, याच्या हिशोबाची ग्वाही मी देतो. मला जरा भरूनच आलं. तेवढ्यात म्हणले, "थांब, अजून लिही. सकाळी येण्याच्या टायमाची मात्र ग्वाही देणार नाही."

मालक म्हणलं हे कशाला. तर म्हणे माहिती आहे तेच सांगायचं असं तूच म्हणलास ना?

लिहिलं. 'आय कॅन वाउच फॉर हिज अकाउंट्स, बट आय कॅन्ट वाउच फॉर हिज टायमिंग.' तसंच पाठवलं, काम लागलं, रात्री साडेनऊला लॉगिन असतं, तिथं अजून तरी लेट झालो नाही. आडतीवरचं विचारू नका.