नवीन कॅप टाकली आणि गाडी गळायला लागली

गाड्यांचं काम करताना शिव्या खायची सवय होतेच, पण त्या दिवशी ज्या कामासाठी खाल्ल्या ते काम मी बरोबर केलं होतं. म्हणजे अर्धं बरोबर. सांगतो.

शनिवारी एक काका गाडी घेऊन आले. गाडी वीस वर्षांहून जुनी, पण काका स्वतः धुणारे पुसणारे, त्यामुळे बाहेरून एकदम टकाटक. तक्रार काय, तर ट्रॅफिकमध्ये अडकलं की टेम्परेचरचा काटा वर चढतो, गाडी बंद केली की ओव्हरफ्लोच्या बाटलीतून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) फसफसून बाहेर येतं, आणि सकाळी बघावं तर बाटली भरलेली पण रेडिएटरमध्ये पातळी खाली. हे शेवटचं वाक्य ऐकलं की माझं लक्ष पहिलं रेडिएटरच्या कॅपकडेच, म्हणजे झाकणाकडेच जातं. कारण कॅपमध्ये दोन व्हॉल्व्ह असतात, मोठा प्रेशर वाढलं की उघडतो आणि जास्तीचं कूलंट बाटलीत सोडतो, आणि मधला चिमुकला असतो तो गाडी थंड होताना आत व्हॅक्यूम तयार झाला की तेच कूलंट बाटलीतून परत ओढून घेऊ देतो. बाहेर गेलेलं परत येत नाही म्हणजे एकतर मधला चिकटलाय, नाहीतर वरचं रबर धरत नाही आणि कूलंटऐवजी हवा ओढली जातेय, नाहीतर बाटलीची नळी फाटलीय.

इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं. (गरम गाडीची कॅप उघडायला माझा नवीन पोरगा फडका घेऊन निघालाच होता, त्याला ओरडून थांबवला. आत शंभरच्या वर तापलेलं पाणी फक्त प्रेशरमुळे पाणी राहिलेलं असतं, कॅप सैल केली की क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं.) कॅप काढली तर खालचं रबर कडक झालेलं, नखाने दाबलं तर बारीक तडा उघडला. टेस्टरला, म्हणजे दाब तपासायच्या हातपंपाला लावून पंप मारला, काटा ०.३ पर्यंत गेला आणि तिथेच फुस्स. कॅपवर छापलेलं ०.९, म्हणजे ०.९ बार, आमच्या जुन्या हिशोबात चौरस इंचाला १३ पौंड.

आता हा फरक किती मोठा आहे बघा. साधं पाणी १०० डिग्रीला उकळतं, ०.९ बार दाबाखाली ते जवळपास ११८ पर्यंत उकळत नाही, आणि निम्मं कूलंट निम्मं पाणी असेल तर १२५ च्याही पुढे जातं. आणि दाब ०.३ वरच सुटत असेल तर ही अकरा-बारा डिग्रीची उशीच गायब. मग ट्रॅफिकमध्ये फॅन चालू असूनही हेडमध्ये (इंजिनचा वरचा भाग) गरम जागी वाफेचे फुगे होणार आणि ते कूलंटला बाटलीत ढकलणार. हेड गॅस्केटची, म्हणजे हेडखालच्या सीलची शंका होती म्हणून कूलंटमध्ये इंजिनचा गॅस येतोय का ती टेस्ट तेवढी केली, टेस्टचं निळं पाणी निळंच राहिलं, म्हणजे गॅस नाही.

०.९ चीच नवीन कॅप टाकली, रेडिएटरच्या नेकचा, म्हणजे तोंडाचा, कॅप बसायचा काठ साफ केला, हवा काढली, फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत गाडी उभी चालवली, काटा हलला नाही. काका खूश. मी पण खूश, कारण मागे चार गाड्या उभ्या होत्या.

सोमवारी शटर वर करतोय तोवर काका हजर. "अहो, तुम्ही केलंत काय? कॅप बदललीत आणि आता गाडीच्या आत पाणी!" बघतो तर डाव्या बाजूच्या पायाखालची मॅट ओली, बोट लावलं तर चिकट, गोडसर वास, आणि पुढच्या काचेला आतून तेलकट धुकं. हीटर कोर, म्हणजे आत गरम हवा देणारा डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर. काका म्हणे वीस वर्षांत कधी एक थेंब आत आला नव्हता, आणि ते खरंच सांगत होते.

मी वाद घातला नाही, टेस्टर काढला. हीटरची नॉब आधी गरमवर केली, नाहीतर त्याचा व्हॉल्व्ह बंद राहतो आणि कोरवर दाबच जात नाही. थंड इंजिनवर कॅपच्या जागी पंप बसवला, ०.९ पर्यंत नेला. दहा मिनिटांत काटा ०.७ वर. मग हीटरचे दोन्ही होज (रबरी नळ्या) सोडून एकमेकांना जोडले, कोर बाजूला काढला, परत ०.९. आता काटा धरायला हवा होता, तर हा बाबा हळूच परत उतरायला लागला, मघापेक्षा सावकाश पण उतरतोय. म्हणजे अजून एक गळती! वॉटर पंपाखालचं भोक (पंप गळला की थेंब तिथून येतो) कोरडं, होज कोरडे. शेवटी टिश्यू पेपर आणि टॉर्च घेऊन रेडिएटरच्या कडेने गेलो, तर जिथे प्लॅस्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या कोरला मुडपून बसवलेली असते तिथे खालच्या कोपऱ्यात पांढरट हिरवी पापडी आणि तिच्यावर एक थेंब.

काकांना वाकायला लावलं. टेस्टरचा दाब सोडत ०.३ वर आणला, थेंब पुसला. दोन मिनिटं थांबलो, जागा कोरडी. परत पंप मारला, ०.५, ०.७, ०.९, आणि त्याच फटीतून थेंब फुगत फुगत आला, लटकला, पडला. काका काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे जुनी कॅप दाब धरतच नव्हती, म्हणून हे लपलं होतं?" मी म्हटलं, बरोब्बर. त्यावर त्यांचा पुढचा प्रश्न, "मग जुनीच लावा की परत!"

आणि मोह होतो हां, खोटं कशाला बोलू. असे जुगाड मी पाहिलेत, गळणाऱ्या गाडीला मुद्दाम कमी पौंडाची कॅप, आणि याच्या उलट शहाणे लोक गाडी तापते म्हणून ०.९ च्या जागी १.३ ठोकतात आणि मग जुने होज नि कोर एकेक करून फुटायला लागतात. कमी दाबात गळती थांबली तरी हेडमधली उकळी थांबत नाही, आणि पातळी खाली गेली की सेन्सर वाफेत उघडा पडतो, मग डॅशवरचा काटा नॉर्मल दाखवत असतानाच हेड वाकतं. काकांना हे सगळं सांगितलं, त्यांना पटलं.

माझी चूक कुठे झाली तेही सांगितलं. शनिवारी मी कॅप टेस्ट केली, सिस्टिम केलीच नाही. कॅप इतकी मेलेली सापडल्यावर तोच टेस्टर रेडिएटरच्या नेकवर लावायला पंधरा मिनिटं लागली असती, आणि मॅट ओली व्हायच्या आधीच दोन्ही गळत्या कागदावर आल्या असत्या. मागच्या चार गाड्या हे कारण नाही होऊ शकत. टेस्टिंगची आणि मॅट धुण्याची मजुरी लावली नाही.

हीटर कोरसाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागला, त्यातच दीड दिवस गेला, जुन्या गाडीचे प्लॅस्टिकचे खटके म्हणजे हात लावला की तुटतात. रेडिएटर नवीनच टाकला. गाडी द्यायच्या वेळी काकांनी बिलाकडे बघितलंच नाही, म्हणाले तो पंप लावा आधी. लावला, ०.९ केला. काका स्टूल ओढून घड्याळ हातात घेऊन बसले, मी दुसऱ्या गाडीखाली गेलो. वीस मिनिटांनी आवाज आला, "काटा आहे तिथेच आहे हो. आता लावा तुमची कॅप."