दप्तरातली रिकामी पाकिटे

आज कोथरूडमधल्या पालकसभेनंतर एका आईने सांगितले की, नववीतली मुलगी ताटावरून "भूक नाही" म्हणून उठते आणि दप्तरात मात्र बाकरवडीची रिकामी पाकिटे सापडतात. याला सरसकट खादाडपणा म्हणणे मला पटत नाही. थोड्या वेळात भरमसाट खाणे, थांबावेसे वाटूनही थांबता न येणे, लाजेपोटी एकटीने खाणे आणि नंतर स्वतःचीच किळस येणे, हे सरासरी आठवड्यातून एकदा तरी, असे ३ महिने घडत असेल, तर तो बिंज ईटिंग डिसऑर्डर असू शकतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये त्याला स्वतंत्र निदानाचा दर्जा दिला. बुलिमिया या खाण्याच्या दुसऱ्या विकारात असते तसे मुद्दाम उलट्या काढणे यात नसते. वजनावरचे टोमणे आणि कडक डाएट यांनी तो बळावू शकतो (आपल्याकडे दोन्ही फुकट मिळतात). त्या आईला डॉक्टरांची वेळ घ्यायला सुचवले. डब्यांच्या कपाटाला कुलूप लावण्याचा बेत तिने तूर्त सोडला आहे.